एकच वाण, दोन राने

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा त्यांची अपेक्षा इतिहासाच्या लेखाची असणार हे उघड होते. या विद्यालयात आमची हयात इतिहास शिकवण्यात गेली. महाडच्या तळ्यापासून दीक्षाभूमीपर्यंतचा पट आम्ही किती तुकड्यांसमोर उलगडला असेल, त्याची मोजदाद नाही. तरीही या वेळी आम्ही मक्याविषयी लिहीत आहोत. स्मरणिकेत सहसा यशाच्या आणि सत्काराच्या आठवणी येतात. एखादी चूकही त्यात नोंदली जावी, असे आम्हांला वाटते. ही चूक आमची होती आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली.

वसतिगृहाच्या मागे ओढ्याकाठी संस्थेची चार एकर जमीन आहे, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की खुरपी घेऊन त्या रानात उतरलेल्या कित्येक पिढ्या आज नोकरीधंद्याला लागल्या आहेत. समाजाच्या वर्गणीतून घेतलेली ही जमीन खोल काळी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाय धरून ठेवते. शेती शिकवणारे गुरुजी सेवानिवृत्त झाले, जागा रिकामी राहिली आणि रानाची जबाबदारी आमच्याकडे आली. इतिहासाच्या मास्तराला शेतीतले काय कळते, असे काहीजण हसून म्हणाले. त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. मात्र ते म्हणत होते त्या अर्थाने नव्हे.

२०२२ च्या खरिपात आम्ही दोन एकरांत एका कंपनीचा उशिरा येणारा संकरित मक्याचा वाण लावला. मशागत वेळेवर झाली, युरियाचे हप्ते वेळेवर पडले, गरज पडली तेव्हा विहिरीचे पाणी होते. पीक असे आले की ओढ्यापलीकडचे शेतकरी बांधावर थांबून पाहू लागले. पालकसभेच्या दिवशी आम्ही पालकांना रान दाखवण्यास नेले आणि बियाण्याची पिशवी, खताचे प्रमाण, हप्त्यांचे दिवस सारे फळ्यावर लिहून दिले. त्यांतील काहींनी ते वहीत उतरवून घेतले. नववीतल्या एका मुलाचे वडील त्यांपैकी एक. दीड एकराचे धनी. ऊसतोडीला जाण्यापेक्षा रानातच काही पिकवावे, या जिद्दीने त्यांनी पुढच्या वर्षी उसनवारी करून तेच बियाणे आणि तेच खत घेतले.

२०२३ च्या दसऱ्यानंतर ते शाळेत आले. हातात पिशवी होती. पिशवीत चार कणसे होती. दाणे तुरळक, शेंडे बोडके.

“जय भीम, सर.”

“जय भीम. या, बसा. पाणी घ्या.”

“सर, बी तेच, खत तेच. तुमी फळ्यावर लिहून दिलं तसंच टाकलं. मंग मका पिवळी कामून पडली?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही काही बोलणार तोच ते म्हणाले, “तुमचा दोष न्हाई, सर. आमचं रानच तसलं.”

हे वाक्य आम्हांला झोंबले. ते आमच्या ओळखीचे होते. शिक्षकांच्या खोलीत निकालाच्या दिवशी आम्ही ते अनेकदा ऐकले होते आणि, कबूल केले पाहिजे, क्वचित उच्चारलेही होते: त्या पोराची कुवतच तेवढी. शिकवणाऱ्याने आपला हिशेब बंद करण्यासाठी याहून सोयीचे वाक्य नाही. त्या गृहस्थांनी ते स्वतःच्या जमिनीला लावले आणि आम्हांला मोकळे केले. आम्ही मात्र मोकळे होण्यास तयार नव्हतो.

त्या दिवसापासून विज्ञानाच्या बाईंना आणि कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन माजी विद्यार्थ्यांना आम्ही भंडावून सोडले. त्यांच्याकडून जे समजले, ते इतिहासाच्या माणसाला झेपेल अशा भाषेत येथे मांडतो.

पिकाच्या हिरवेपणाचे मूळ नत्रात आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते, पण मक्याला ते हवेतून घेता येत नाही; ते मातीत, पाण्यात विरघळलेल्या रूपात मिळावे लागते. फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे त्याचा कारखाना उभा राहिला. युरियाचे पोते त्याच शोधाचे अपत्य आहे. पहिल्या महायुद्धात याच अमोनियापासून जर्मनीने दारूगोळा केला, हे आम्ही दहावीला शिकवत होतो. तो अमोनिया आपल्या रानात पोत्याने येतो, याचा विचार मात्र कधी केला नव्हता. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत ते सुमारे पावणेएकवीस किलो भरते.

यातले पिकाला किती मिळते? रॉन आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९९९ मध्ये जगभरच्या तृणधान्यांचा हिशेब मांडला. दिलेल्या नत्रापैकी दाण्यात पोहोचलेला वाटा त्यांना ३३ टक्क्यांच्या आसपास आढळला. त्या सरासरीने पाहिले तर एका गोणीतले जेमतेम सात किलो नत्र दाण्यात येते. उरलेले काही ताटात आणि मातीत राहते, काही पाण्याबरोबर खाली जाते, काही वाऱ्यावर उडते. शेतकरी पैसे मात्र पूर्ण गोणीचे मोजतो. दिलेल्या नत्रातून किती धान्य उभे राहिले, या हिशेबाला नत्र वापर कार्यक्षमता म्हणतात.

या कार्यक्षमतेचे दोन भाग पडतात. मोल, कॅम्प्राथ आणि जॅक्सन यांनी १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात मक्याच्या आठ संकरांवर केलेल्या अभ्यासातून ही मांडणी रूढ झाली. पहिला भाग, मुळांनी मातीतून किती नत्र उचलले. दुसरा भाग, उचललेल्या नत्रापासून झाडाने किती दाणा केला. एखाद्या वाणाची मुळे खोल जातात, एखाद्याची पाने दाणे भरेपर्यंत हिरवी राहतात, एखादा ताटातले नत्र कणसाकडे वळवण्यात तरबेज असतो. वाणावाणांत फरक असतो, हे खरेच. पण त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. नत्र मुबलक असताना वाणांमधला फरक बहुतांशी उचलण्याच्या ताकदीतून आला, आणि नत्र कमी असताना तो वापरण्याच्या हातोटीतून आला. परिस्थिती बदलली की चांगल्या वाणाची कसोटीच बदलते. आम्ही फळ्यावर वाणाचे नाव लिहिले होते. परिस्थितीचा रकाना आम्ही आखलाच नव्हता.

दिवाळीच्या सुटीत आम्ही त्या पालकांच्या गावी गेलो. त्यांचे रान गावापासून दूर, माळाच्या उतारावर आहे. त्यांनी कुदळीचा घाव घातला. वीतभर तांबूस माती आणि खाली मुरूम. शाळेच्या रानात आम्ही पुरुषभर खोल गेलो तरी काळी मातीच लागते. या दोन राने पाहिलेल्या माणसाला पुढचे सारे समजते.

युरिया मातीत पडला की काही दिवसांत त्याचे अमोनियम होते आणि जिवाणू त्याचे पुढे नायट्रेट करतात. मातीचे बारीक कण ऋणभारित असतात. अमोनियम धनभारित असल्यामुळे ते त्याला धरून ठेवतात. नायट्रेट ऋणभारित, त्याला धरून ठेवणारे कोणी नाही. ते पाण्याच्या वाटेने जाते. खोल काळ्या मातीत पाणी सावकाश उतरते आणि मुळेही खोल असतात, म्हणून खाली सरकलेले नत्र पुन्हा हाती लागण्याची आशा असते. वीतभर मातीच्या रानात पाणी मुरमात गेले की नत्र गेले. त्या जुलैत वरखताचा हप्ता दिल्यानंतर काही दिवसांतच त्यांच्याकडे मोठा पाऊस झाला. पोत्यातले किती पैसे त्या रात्री मुरमात उतरले, ते कोणी मोजलेले नाही.

मग ऑगस्ट आला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जमिनीत जे काही नत्र शिल्लक होते, तेही पाण्यावाचून मुळांपर्यंत पोहोचू शकत नव्हते, कारण पीक नत्र खात नाही, पिते. मक्याचा तुरा आणि कणसाचे रेशमी केस जवळजवळ एकाच वेळी यावे लागतात. पाण्याची किंवा नत्राची ओढ बसली की तुरा वेळेवर येतो, केस मागे राहतात. ते बाहेर येईतो पराग संपलेला असतो. पिशवीतल्या कणसांचे बोडके शेंडे हीच हकिगत सांगत होते. उशिरा येणाऱ्या वाणाला काळ्या रानात वाढीचे जास्त दिवस लाभले होते. उथळ रानात त्याच दिवसांनी त्याला नेमके कोरड्या पंधरवड्यात फुलोऱ्यावर आणून उभे केले. लवकर येणारा वाण कदाचित निसटला असता. आम्ही आमच्या पिकाला विहिरीचे पाणी दिले होते, हे फळ्यावर लिहिण्याइतके महत्त्वाचे आम्हांला वाटले नव्हते. आपल्याजवळ जे असते, ते माणसाच्या नजरेतून असेच सुटते.

येथवर विज्ञान झाले. यापुढचा प्रश्न मात्र आमच्याच विषयातला होता: त्यांच्या वाट्याला वीतभर मातीच का आली?

बांधावर बसून आम्ही त्यांना जमिनीचा इतिहास विचारला. त्यांच्या आजोबांनी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला होता. १९५९ साली मराठवाड्यात आणि खानदेशात झालेला तो लढा ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर पेटला आणि तुरुंगात जागा पुरेना, एवढी माणसे आत गेली. मागणी साधी होती: पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्या भूमिहीनांना द्या. पुढे वडिलांनी माळावरचे गायरान दगड वेचून वहितीखाली आणले, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये केल्यानंतर सातबाऱ्यावर नाव लागले. त्या कागदाची घडी त्यांनी अजून बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवलेली आहे.

आम्ही या सत्याग्रहावर तास घेतले आहेत, प्रश्न काढले आहेत, गुण दिले आहेत. पण मिळालेली जमीन हाताने उकरून पाहिली नव्हती. गावाची काळी कसदार जमीन पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या नांगराखाली होती, हे सांगायला इतिहासकार नको. जी उरली ती गुरांना, आणि गुरांकडून जी सुटली ती आपल्याला. उताराची, उथळ, सेंद्रिय कर्ब कमी, पाणी न धरणारी. तिच्यात पडलेल्या युरियाच्या गोणीतून कमी दाणा उठतो, तेव्हा त्या तुटीत मातीचा आणि पावसाचा वाटा असतोच. पण ती माती कोणाला मिळाली, यात गावच्या व्यवस्थेचा वाटा असतो. खताची किंमत सर्वांना सारखी. परतावा मात्र ज्याच्या पूर्वजांना काळी मिळाली त्याला जास्त, ज्याच्या आजोबांनी तुरुंगात जाऊन मुरूम मिळवला त्याला कमी. “आमचं रानच तसलं” हे वाक्य आम्हांला त्या बांधावर निराळे ऐकू आले. रान तसे नव्हते. तसे रान त्यांच्या वाट्याला ठेवले गेले होते.

परतताना बाबासाहेबांचा १९१८ मधील लहान शेतजमिनींवरचा निबंध आठवला. एम. ए. ला असताना तो आम्ही वाचला होता तो परीक्षेपुरता. शेत किफायतशीर आहे की नाही, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तर जमिनीच्या जोडीला भांडवल, श्रम आणि अवजारे यांचे प्रमाण कसे आहे यावरून ठरते, असे त्यात त्यांनी दाखवून दिले. एकाच घटकाकडे बोट दाखवून सारे उत्तर देणाऱ्यांशी त्यांचा वाद होता. आम्ही बियाण्याकडे बोट दाखवले होते. वाद आमच्याशीही होता म्हणायचा.

२०२४ च्या खरिपात आम्ही विद्यार्थ्यांसह एक लहान प्रयोग केला. त्या पालकांची संमती घेऊन दोन्ही रानांत सारख्या मापाचे वाफे आखले. प्रत्येक रानात दोन वाण: तोच उशिरा येणारा संकरित आणि एक लवकर येणारा. प्रत्येक वाणाचे तीन वाफे: एकाला युरिया अजिबात नाही, दुसऱ्याला दोन मोठ्या हप्त्यांत, तिसऱ्याला तेवढाच युरिया चार लहान हप्त्यांत, वाफसा पाहून आणि मातीआड करून. आपल्याकडची काळी जमीन विम्लधर्मी आणि चुनखडीयुक्त असते. युरिया उघडा टाकला तर त्यातला काही भाग अमोनिया होऊन उडतो, हे मुलांनी बाईंकडून आधीच पाठ केले होते. पावसाची नोंद ठेवण्याचे काम आठवीच्या मुलींकडे होते आणि त्यांनी ते एकही दिवस न चुकवता केले. लष्करी अळीने दोन वाफे खाल्ले, ते हिशेबातून वगळावे लागले.

युरियाचा वाफा आणि बिनयुरियाचा वाफा यांच्या उत्पन्नातली वजाबाकी करायची, तिला दिलेल्या नत्राने भागायचे. प्रत्येक किलो नत्रामागे किती जादा धान्य आले ते कळते. गणित पाचवीचे होते, उत्तरे मात्र आम्हांला बसवून ठेवणारी निघाली.

शाळेच्या रानातला बिनयुरियाचा वाफा चांगलाच हिरवा राहिला. वर्षानुवर्षांचे शेणखत आणि खोल माती स्वतःच नत्र पुरवत होती. त्यामुळे युरियाने जी भर घातली, ती आम्ही समजत होतो त्यापेक्षा कितीतरी कमी होती. ज्या पिकाचे श्रेय आम्ही वाणाला आणि गोणीला देऊन पालकांसमोर मिरवले, त्याचे बरेचसे श्रेय मातीचे होते. त्यातही सप्टेंबरच्या पावसात ओढ्याकडचा सखल कोपरा आठवडाभर तुंबला आणि पिवळा पडला. तुंबलेल्या मातीत हवा नसते. तेव्हा जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन निघून जाते. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो, आणि तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट भारी पडतो. काळ्या मातीचा गुण हाच तिचा दोषही असतो, तो पावसावर ठरतो.

मुरमाड रानात बिनयुरियाचा मका गुडघ्याच्या वर फारसा गेला नाही. दोन मोठे हप्ते दिलेला उशिराचा वाण पुन्हा निराश करून गेला. पण चार लहान हप्ते दिलेला लवकरचा वाण उभा राहिला, कणसे भरली, आणि तेथे प्रत्येक किलो नत्रामागे आलेले जादा धान्य शाळेच्या रानातल्यापेक्षा अधिक निघाले. जे रान कुचकामी म्हणून आम्ही सोडून दिले असते, त्याच रानाने दिलेल्याचे मोल अधिक केले. अर्थात त्याला ते वेळेवर, थोडे थोडे आणि त्याच्या प्रकृतीला मानवेल अशा वाणाबरोबर मिळावे लागले. एका वर्षाच्या चार-सहा वाफ्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही मुलांना बजावून सांगितले. पुढच्या पावसात निकाल फिरूही शकतो. पण डोळे उघडायला तेवढे पुरे होते.

याच सुमारास बाईंनी वर्गात मेक्सिकोच्या एका मक्याची गोष्ट सांगितली. ओहाका प्रांतातील सिएरा मिखे डोंगरातले आदिवासी एक उंच देशी वाण पिढ्यान्‌पिढ्या राखत आले आहेत. त्याच्या जमिनीवरच्या मुळांतून चिकट द्रव पाझरतो आणि त्यातील जिवाणू हवेतले नत्र पकडून झाडाला देतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्या झाडाचे २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून येते. मुलांनी लगेच विचारले, ते बी आपल्याकडे आणता येईल का? बाई म्हणाल्या, तो द्रव पाझरायला तिथली दमट डोंगरी हवा लागते आणि त्या मक्याला पिकायला दीर्घ हंगाम लागतो. आपल्या कोरड्या ऑगस्टात ती मुळे काय करतील? जगातला सर्वांत गुणी वाणही आपले हवामान बरोबर घेऊन येत नाही.

मुलांच्या बोलण्यात वाणाऐवजी “मक्याची जात” असा शब्द येई. शेतकरी तसेच म्हणतात. एकदा एका मुलीने विचारले, “सर, मग माणसांच्या जातीपण अशाच असतात का, कोणती कसदार, कोणती हलकी?” प्रश्न निरागस होता, म्हणूनच उत्तर नेमके द्यावे लागले. मक्याचे वाण माणसाने निवडून निवडून घडवले. त्यांच्यात खरोखर भेद असतात. माणसाच्या जाती हे वाण नव्हेत. जात म्हणजे वंशभेद नाही, एकाच वंशाच्या माणसांची समाजाने केलेली वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात मांडले. म्हणून मक्याकडून आपण बियाण्याचा धडा घ्यायचा नाही. माती आणि पाऊस यांचा घ्यायचा. खरोखर वेगळ्या असलेल्या वाणांचीही पारख जर मातीवाचून होत नाही, तर मुळात वेगळ्या नसलेल्या माणसांची पारख जातीवरून कशी होईल? ती मुलगी गप्प झाली, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला पटले होते, असे वाटले.

आपल्या परंपरेत ही गोष्ट जुनीच आहे. शालिस्तंब सूत्रात प्रतीत्यसमुत्पाद समजावताना भाताच्या रोपाचाच दाखला घेतला आहे. बी हा हेतू; पण पृथ्वी, पाणी, उष्णता, वारा, अवकाश आणि ऋतू हे सहा प्रत्यय जुळल्याशिवाय अंकुर येत नाही. त्यांपैकी एकालाही “हे मी केले” असे म्हणता येत नाही. ऋतू हा त्या यादीतला स्वतंत्र प्रत्यय आहे, याकडे आमचे लक्ष आजवर गेले नव्हते. आम्ही ते सूत्र प्रवचनात ऐकत होतो. ते शेतीचेही ज्ञान आहे, हे आम्हांला मुरमाड रानात कळले.

त्यानंतर विद्यालयात थोडे बदल झाले. पालकसभेत आता आम्ही बियाण्याची पिशवी दाखवत नाही. आधी माती किती खोल, उतार कसा, पाणी आहे का, हे विचारतो. मृद आरोग्य पत्रिका असल्यास आणावयास सांगतो. हलक्या रानाला लवकरचा वाण, युरियाचे लहान हप्ते, मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर हप्ता लांबवणे, मक्यात उडदाचे किंवा तुरीचे आंतरपीक, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे खत, एवढ्याच गोष्टी सांगतो, आणि त्याही त्या रानाकडे पाहून. शिक्षकांच्या खोलीतही निकालाच्या दिवशी बोलणे थोडे बदलले आहे. “कुवतच तेवढी” असे कोणी म्हणाले की दुसरे कोणी विचारते, “सर, माती पाहिली का?” कोणत्या मुलाला घरी दिवा नाही, कोणाचे आईबाप सहा महिने कारखान्यावर आहेत, कोणाला सारे एकदम शिकवले की वाहून जाते आणि थोडे थोडे दिले की मुरते, हे पाहून मग बोलावे, असा प्रघात पडू लागला आहे. पूर्णपणे पडला आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

त्या पालकांचे कर्ज अजून पुरते फिटलेले नाही. आमच्या सल्ल्याने झालेले नुकसान आम्ही आमच्या परीने भरून देऊ केले, ते त्यांनी घेतले नाही. “सर, पोराला शिकवा, तेवढं बास,” एवढेच म्हणाले. मुलगा यंदा शाळा सोडून पुढे गेला आहे आणि त्याला कृषी शिक्षणाकडे जायचे आहे.

गेल्या मे महिन्यात ते पुन्हा आले. हातात तशीच पिशवी. या वेळी तीत कणसे नव्हती. रानाच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली अशी कालवलेली माती होती, सावलीत वाळवून आणलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि विचारले, “सर, हिला काय पायजे?”

कोणते बी घेऊ, असे त्यांनी विचारले नाही. एवढ्या वर्षांत एवढा चांगला प्रश्न आम्हांला क्वचितच कोणी विचारला असेल.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. तुमच्यापैकी काहीजण कृषी खात्यात आहेत, काही प्रयोगशाळांत, काही बँकांत. आपल्या समाजाची पुष्कळ जमीन आजही माळावर, उतारावर, मुरमात आहे. ती आपल्या पूर्वजांनी तुरुंगात जाऊन मिळवलेली आहे. सुटीत गावी जाल तेव्हा त्या रानावर जा, कुदळीचा एक घाव घाला, माती हातात घ्या आणि तिला काय हवे ते विचारा. शाळेचे रान आणि आठवीच्या मुलींची पावसाची वही तुमच्यासाठी खुली आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!